उंच कमरेची पँट

माझा थोरला भाऊ कटिंग मास्तर. दुकानात तो कापतो, मी शिवतो. गिऱ्हाइकानं कंबर कुठंही मागितली तरी दादा हं म्हणतो आणि स्वतःला पटेल तिथंच पट्टा बेततो. अशा हट्टी माणसाच्या गुदाशयात कॅन्सरची गाठ निघाली. पहिल्या डॉक्टरांनी पोटाच्या डाव्या बाजूला पेनानं फुली मारली. गुदाशय काढायचा आणि शौचासाठी इथं कायमची पिशवी.

घरी येऊन दादानं त्या फुलीपासून माप घेतलं आणि स्वतःसाठी पँट कापली, शिवायलाही स्वतःच बसला. कंबर उंच, डावीकडे आतून सैल कप्पा. माझं डोकं फिरलं.

"ऑपरेशनची तारीख नाही अजून, आणि तू पँट शिवतोस?"

"पिशवी आल्यावर काय, लुंगी लावून दुकानात बसू?"

दुसऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी किरणं आणि औषधं देऊन बघू. गाठ पुरती विरघळली तर कापायचं नाही, नुसती नजर ठेवायची. काही महिन्यांनी गाठ खरंच दिसेना. वहिनी दवाखान्यातल्या बाकावर बसून रडल्या. मीही रडलो. दादा केसपेपरची घडी घालत होता.

"तुला आनंद नाही झाला?"

"काहीच होत नाही रे. हात बधिर झाला की कसं, तसं सगळं अंग."

मग दर तीन महिन्यांनी तपासणी. बोटानं, दुर्बिणीनं, एमआरआयनं. गाठ परत आली तर ऑपरेशन, बहुतेक पिशवीही. पँट दुकानात खुंटीवरच होती. वहिनी म्हणायच्या, उसवून टाका एकदाची. तो कानाडोळा करायचा.

तिसरी तपासणीही चांगली निघाली. त्याच आठवड्यात एक निवृत्त पोस्टमन आले. पडद्याआड शर्ट वर करून त्यांनी पोटावरची पिशवी दाखवली. पट्टा तिच्यावर रुततो, दोन शिंप्यांनी हात टेकले, म्हणाले. बांधा दादासारखाच. दादानं खुंटीवरची पँट काढून दिली. ते वाकले, बसले, उठले.

"वर्षभरात पहिल्यांदा टोचत नाहीये."

"घेऊन जा," दादा म्हणाला.

मला वाटलं, सुटलो. वहिनींना लगेच फोनही केला.

दुसऱ्या दिवशी दुकानात आलो तर दादा टेबलावर राखाडी कापड पसरून खडूनं आखत होता. कंबर उंच, डावीकडे कप्पा.

"कुणाची?"

"माझीच. ती गेली ना."

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. मी मशीनवर बसलो आणि राखाडी दोरा ओवून घेतला.

"कापून झाली की इकडे दे," मी म्हणालो.