आतला कागद

गोधडीसाठी सासूबाई षटकोनी तुकडे शिवतात. साचे जुन्या लग्नपत्रिकांचे. साच्यावर कापड दुमडून कच्चे टाके घालायचे, मग तुकड्याला तुकडा जोडत जायचा. सहाही बाजूंना शेजारी मिळाले की आतला कागद काढून घ्यायचा.

काल मी घाई केली. चारच बाजू जोडलेल्या तुकड्यातला कागद ओढला, आणि मोकळ्या कडा लगेच उलगडल्या.

"अगं, त्याला अजून धरायला कुणी नाही," म्हणत सासूबाईंनी कागद परत आत सरकवला.

मी त्या तुकड्याकडे बघत राहिले. गोधडी माझ्या लेकीची आहे. सोमवारी ती हॉस्टेलला जाणार. तिथे तिला कोण, हा विचार आठवडाभर माझी पाठ सोडत नाही. घरात मात्र मी फक्त डबे, चादरी आणि चार्जरबद्दल बोलते.

आज शेवटचे कागद निघत होते. लेक शेजारी येऊन बसली.

"आजी, आईच्या लग्नपत्रिकेचा एक तुकडा आत राहू दे. कूस बदलली की वाजेल."

"पहिल्या धुण्यात लगदा होईल त्याचा."

"होऊ दे," ती म्हणाली. "तोवर मला सवय झालेली असेल."