रोजचे चार खर्रे

तंबाखूच्या अभ्यासाचं काम मी पोटासाठी धरलं होतं, समाजसेवेसाठी नाही. दर मंगळवारी यवतमाळहून एसटीने बोरी अरबला जायचं, नाव नोंदवलेल्या तरुण पोरांना भेटायचं आणि विचारायचं, या आठवड्यात रोज किती खर्रे खाल्ले. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा आमच्याकडे चहाच्या आधी पुढे येतो. निकोटीन हळूहळू कमी केलं तर पोरं सोडतात का, एवढंच बघायचं होतं. ज्याचा सुटला, त्याच्या भेटी बंद. मग महिन्याला एक फोन.

पोरं आकडा कमी सांगायची. दात लाल, आणि म्हणे एकच. मला राग यायचा. एक जण मात्र रोजचे चार सांगायचा. विशीतला, बी.ए. करून घरचं सोयाबीन बघणारा. कितीतरी महिने चारच. हा काही सोडायचा नाही, असं मी ठरवूनही टाकलं होतं. तरी त्याच्याच ओसरीवर मी जास्त वेळ बसायची. तो स्वतः चहा करायचा, बोलत राहायचा. मीही बोलायची. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून माझ्या घरात आवाज यायचा तो फक्त कुकरचा.

मग लाळ तपासायच्या पट्ट्या आल्या. त्याच्या पट्टीवर तंबाखूचा मागमूस नव्हता. पट्टीच खराब असेल म्हणून दुसरी लावली. तेच. तेव्हा खाली बघत त्याने सांगितलं, खर्रा सुटून दोन महिने झाले. खोटं मी खूप ऐकलं होतं, पण असं उलटं कधीच नाही. मी चिडून कारण विचारलं.

"पानठेल्यावर गेलो की खर्र्यासाठी हात समोर जाते, म्हून जानंच सोडलं. दोस्तं तितंच बसते. मंग बोलायले तुमीच राह्यल्या."

किती खाता हे आमच्या फॉर्मवर होतं. कोणासोबत खाता, हे विचारायचं कोणालाच सुचलं नव्हतं, मलाही नाही. मी शाबासकी दिली, उगाच चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या, फॉर्मवर शून्य लिहिलं. सही करून त्याने पेन परत दिला.

"आता एक खाल्ला त पुढच्या मंगळवारी याल काय, मॅडम?"

तो चेष्टा करत नव्हता. मी नाही म्हणाले. पण त्याआधी क्षणभर मला हो म्हणावंसं वाटलं, आणि तेही माझ्यासाठी.