चंद्रोदयानंतरची गोळी

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, बाबांच्या मोबाइलवर तुझ्या गोळीपुढे हिरवी खूण येते, ती कोण टाकतं?" सध्या एक मुलगी टाकते. भली आहे, भराभर टाकते. पण तुमच्या प्रश्नामुळे तिच्या आधीची सिस्टर आठवली. आमच्या या वृद्धनिवासात तिचं नाव आता कुणी काढत नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

गोळी ती मुठीत धरून यायची आणि मूठ पाठीमागे लपवायची. सकाळची उपाशीपोटीची गोळी सोडली, तर समोरच्याने घास खाल्ल्याशिवाय मूठ उघडत नसे. "आधी घास. गोळी कुठं पळून नाय जात." मग तोंड उघडून दाखवायचं. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे हे तिला ठाऊक; मी कपाळाला आठ्या घातल्या की म्हणे, "ओ इंग्लिश आजी, आ करा. स्पेलिंग नाय विचारत मी!"

घोटीची होती. आवाज मोठा, बोलणं फटकळ. एखाद्या आजीने आपली गुडघ्याची गोळी शेजारणीला लोणच्यासारखी वाढली, तर अख्ख्या जेवणघराला ऐकू जाईल असं झापायची. स्वतःचं चुकलं तरी ते कबूल करणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिच्यावर रुसलेले आम्ही बरेच होतो.

माझ्या शेजारच्या खोलीत पंचवटीतले एक काका राहतात. त्यांची बायको जन्मभर संकष्टी करायची. ती गेल्यावर तो उपास काकांनी धरला. एकदा रिकाम्या पोटी मधुमेहाची गोळी घेतली आणि ते भोवळ येऊन पडले. परदेशातल्या मुलाने उपास सोडायचा शब्द घेतला. काकांनी तो दिला आणि पुढच्याच संकष्टीला मोडला.

सिस्टरने त्यांना पकडलं, कारण ताट तसंच होतं.

"काका, घास?"

"चंद्र उगवला की घेतो. पण मुलाला कळू देऊ नका, सिस्टर. मी त्याला शब्द दिलाय."

"लय अवघड माणूस हाय तुम्ही!"

तिने डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, जेवतील तेव्हाच गोळी द्या. तेव्हापासून दर संकष्टीला ड्युटी संपली तरी ती काकांबरोबर गच्चीत थांबायची. "तुमचा चांदोबा कुठं अडकला ओ? माझी गाडी जाईल." चंद्र दिसला, नैवेद्य झाला, काकांनी घास घेतला, की मूठ उघडायची. हे सगळं मला फार नंतर कळलं.

पुढे मोबाइलवरच्या खुणा सुरू झाल्या. उशिरा दिलेल्या गोळीपुढे लाल खूण येई. काकांच्या मुलाने मॅनेजरना फोन केला. त्यांनी जेवणघरात सर्वांसमोर सिस्टरला विचारलं, "काकांची गोळी उशिरा का?"

तिने काकांकडे पाहिलं. काका आमटीत चमचा फिरवत होते.

"राहिली माझ्याकडून," ती म्हणाली.

आम्ही चकित झालो. कुणीतरी हसलंसुद्धा.

"पुन्हा राहिली तर घरी बसा," मॅनेजर म्हणाले. पुढच्या संकष्टीला ती पुन्हा चंद्रासाठी थांबली. पुन्हा लाल खूण आली आणि तिला काढून टाकलं. तिने पिशवी भरली, आम्हाला "जपून राहा" म्हणाली आणि फाटकाबाहेर रिक्षात बसली.

आठवडाभराने काका माझ्या खोलीत आले आणि सारं सांगून मोकळे झाले. "मी तेव्हाच बोलायला हवं होतं," ते म्हणाले.

माझ्यासमोरच त्यांनी मुलाला फोन लावला. सगळं ऐकून मुलगा एवढंच म्हणाला, "बाबा, त्यांना परत बोलवा."

मॅनेजरनी फोन केले. तिने उचलले नाहीत. कुणी म्हणतं, ती सिन्नरला एका दवाखान्यात लागली. कुणी म्हणतं, तिने हे कामच सोडलं.

काकांची संकष्टी चालू आहे. डॉक्टरांनी त्या दिवसापुरती गोळीची वेळ आता लेखी बदलून दिली आहे आणि मुलाला ते ठाऊक आहे.