न पाहिलेल्या बेटाची महागाई

इथे आखातात, मुशैरिब भागातल्या, देशोदेशीच्या भावांचे आकडे जमवणाऱ्या आमच्या ऑफिसात तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. दूरच्या एका चिमुकल्या बेटावरच्या देशात सगळ्या मालाचे आणि कामांचे भाव मिळून दरवर्षी किती चढले, हे काढायचं त्याचं काम. ते बेट त्याने कधी पाहिलेलं नाही. पण बोलतो असा, की जणू सकाळीच तिथल्या बाजारातून आलाय. "आमच्याकडं यंदा बोटीचं भाडं वाढलं ओ, त्यानं सगळंच चढलं बघा." इथल्या कांद्याचा भाव विचारला तर मात्र गडबडतो. शहराच्या कडेला, मुऐदरला एकटाच राहतो, बाहेरच जेवतो.

मागे त्या बेटावर वादळ झालं आणि तिकडून आकडे येईनासे झाले. साहेब म्हणाले, "अंदाजाने भरा आणि खलास करा." तसं आमच्यात चालतं. हा मात्र रोज फोन लावत राहिला. शेवटी एका दुपारी तिकडच्या ऑफिसातल्या बाईंनी फोन उचलला. दोघांची ओळख फक्त ईमेलवरची. त्याने इंग्रजीत विचारलं, घर शाबूत आहे का, मुलं कुठे आहेत. मग बराच वेळ नुसता ऐकत राहिला.

फोन ठेवून म्हणाला, "छप्पर उडालं त्यांचं. माणसं हायेत सगळी."

"आणि आकडे?"

"विचारायचं राहिलंच ओ." मग स्क्रीनकडे बघत म्हणाला, "त्यांनी विचारलं, तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"मग?"

"मी म्हटलं, आवाज तुटतोय. आणि ठेवला."