सरळ इमारतीचा वाकडा फोटो

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी नागपूरच्या प्रताप नगरातल्या एका फोटोग्राफी मंडळात जाऊ लागले. इमारतींचे फोटो काढणारे आम्ही काही जण रविवारी सकाळी अध्यक्षांच्या हॉलमध्ये जमायचो. एकेकाचा फोटो टीव्हीवर लागायचा, बाकीचे "वा, सुंदर" म्हणायचे. सगळ्यांचं सुंदर म्हणून झालं की तर्री-पोहे यायचे. त्यामुळे सुंदर म्हणायला कोणी फार वेळ लावत नसे.

मग अध्यक्षांनी कुठेतरी विधायक टीकेवर भाषण ऐकलं. ते निवृत्त इंजिनिअर, ऐकलेलं लगेच अमलात आणणारे. "आजपासून नुसतं सुंदर चालणार नाही," ते म्हणाले. "आधी एक चांगलं सांगा, मग एक सुधारणा. अन् कोणी मनाले लावून घ्यायचं नाही." पहिला फोटो त्यांनी स्वतःचाच लावला.

कळमेश्वरच्या एका कारखान्याचं ऑफिस होतं. तीन मजले, निळ्या काचा. आमच्यातले दातांचे डॉक्टर फार सावध माणूस. ते म्हणाले, "चांगलं म्हणजे आकाश छान आलंय. सुधारणा म्हणजे, असंच अजून थोडं हवं होतं."

अध्यक्षांनी समाधानाने माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यभर वह्या तपासलेल्या. "प्रकाश छान पकडलाय," मी म्हणाले, "पण इमारत मागे कलल्यासारखी दिसते."

स्वयंपाकघरातला झाऱ्याचा आवाजसुद्धा थांबला.

"बिल्डिंग सरळ आहे मॅडम. माह्या देखरेखीत झाली ते."

"इमारत सरळच असेल. फोटोत कलते आहे. कॅमेरा वर उचलला की..."

"तुम्हाले कुठून वाकडी दिसून राहिली?"

मी कॅमेऱ्याच्या कोनाबद्दल सांगत होते, ते पायाच्या खोलीबद्दल. पोहे आले तेव्हा गार झालेले होते.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुले काय पडलं होतं वं? सुंदर म्हणायचं अन् मोकळं व्हायचं."

पुढच्या रविवारी अध्यक्षांनी सगळ्या मंडळाला गाड्यांत बसवून कळमेश्वरला नेलं. डिकीतून त्यांनी ओळंबा काढला, गवंडी भिंत तपासताना सोडतात ती वजनाची दोरी. ते गच्चीवर गेले आणि दोरी सोडली. भिंत आणि दोरी यांच्यातलं अंतर वरपासून खालपर्यंत सारखं होतं. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या.

"पाहा मॅडम."

"सरळ आहे," मी म्हणाले. मग ते खाली आल्यावर फाटकापाशी उभी राहून कॅमेरा वर उचलला, फोटो काढला आणि त्यांना दाखवला. दोन्ही कडा वर जाताना आत झुकत होत्या. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. माझा कॅमेरा घेतला, रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीच्या जिन्यावर चढले आणि कॅमेरा सपाट धरून फोटो काढला. त्यात भिंती ताठ उभ्या होत्या. परत येऊन ते म्हणाले, "आता बरोबर आहे. मघाशी तुमचा कॅमेरा वाकडा होता."

परतताना चहाला थांबलो तेव्हा त्यांनी टीकेसाठी मी काढलेला एखादा फोटो मागितला. सावनेरला काढलेलं एक जुनं निळं दार होतं ते. फक्त दार, आजूबाजूला काही नाही. माझा सगळ्यात लाडका फोटो.

"चांगलं म्हणजे दार सरळ आहे," अध्यक्ष म्हणाले. "सुधारणा म्हणजे, हे दार कायचं आहे ते समजून नाही राहिलं. घराचं, गोदामाचं का देवळाचं?"

"ते कळू नये, हीच तर त्यातली गंमत आहे."

"मले वाटलं, तुम्ही मनाले लावून घेणार नाही."

मी धन्यवाद म्हटलं. दात आवळून म्हटलं असावं, कारण डॉक्टर काळजीने माझ्या जबड्याकडे पाहत होते. नागपूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत राहिले. एकापेक्षा एक चोख उत्तरं होती, पण दार कशाचं आहे ते एकातही नव्हतं.

त्याच आठवड्यात बसने सावनेरला गेले. या वेळी बरीच मागे सरकले. दाराशेजारी कापसाची गाठोडी, भिंतीला टेकवलेला तराजू, उंबऱ्यावर उडालेला पांढरा कापूस, सगळं चौकटीत आलं. फोटो पहिल्यापेक्षा चांगला होता, हे मला तिथेच कळलं. नवऱ्याने विचारलं, "मागे सरकून काढायचं कसं सुचलं वं?"

"सुचलं," मी म्हणाले.