अजून ओलं हाय

लातूर जिल्हा व्हायच्या आधी मी आमच्या गल्लीतल्या सुताराला मागच्या खोलीचं दार करायला सांगितलं. जिल्हा झाला, कलेक्टर आले, दुष्काळही पडला. दार काही झालं नाही. खोलीला गोणपाट लटकत राहिलं.

कधीही विचारा, तो कानावरची पेन्सिल काढून पुन्हा कानावर ठेवायचा आणि म्हणायचा, "जरा दम धरा, गुरुजी. माय अजून हाव म्हणली न्हाई."

माय म्हणजे त्याची नव्वदीतली आई. किनवटच्या जंगलात लाकूडतोड्यांच्या तळावर ती वाढली, सागाच्या ओंडक्यांवर खेळली, ही कथा मी उभ्याउभ्या किती वेळा ऐकली असेल. डोळे गेले होते, तरी फळीवर बोटाचं पेर वाजवून ती निकाल द्यायची, "ओलं हाय." विहिरी आटल्या, टँकरमागं धावून आमचे घसे कोरडे पडले, अख्ख्या लातुरात ओली उरली ती एवढी माझी फळी.

त्या उन्हाळ्यात म्हातारी गेली. तेरावा झाल्यावर मी भेटायला गेलो आणि खरं सांगतो, दारासाठीही गेलो. त्यानं फळी उचलली, वाजवली, कान लावला, पुन्हा वाजवली.

"मला कळंना, गुरुजी," तो म्हणाला. "आजवर तिलाच विचारत आलो." मग फळी माझ्यापुढं धरली.

मी पेर वाजवलं. मलासुद्धा कळलं, फळी खडखडीत वाळलेली होती.

"अजून ओलं हाय," मी म्हणालो.

त्यानं ती जपून मायच्या रिकाम्या खाटेला टेकवून ठेवली.