दोन गायींवर एकमत

श्रीरामपूरच्या कॉलेजात मी वर्षानुवर्षं एक प्रकरण शिकवतो: 'बहुपक्षीय व्यापार वाटाघाटी आणि आर्थिक विकास'. पोरं ते मार्कांसाठी पाठ करतात, मी पगारासाठी. जगातले देश एका टेबलाशी बसतात, लहानमोठे सगळे सारखे, आणि एकाचाही नकार असला तर करार होत नाही, असं मी सांगतो. या ज्ञानाचा घरच्या कुणाला उपयोग होईल असं मला कधी वाटलं नव्हतं. घरच्यांनाही नाही.

मागच्या हिवाळ्यात धाकट्या बहिणीनं मला सोनईला, तिच्या सासरी बोलावून घेतलं. तिच्या गोठ्यात सहा गायी. दाजींना एमआयडीसीत नोकरी लागत होती, त्यामुळे त्यांना गोठा मोडायचा होता. बहिणीला मोडायचा नव्हता. लग्नानंतर स्वतःचं म्हणून तिनं उभं केलेलं तेवढंच होतं.

"परदेशातनं दुधाची पावडर येनार हाय म्हनं," दाजी म्हणाले. "मग आपलं दूध कोन इचारतंय? आत्ताच गायी काढलेल्या बऱ्या."

"दादा, खरंच येनार हाय का?" बहिणीनं विचारलं.

मी घसा साफ केला. वाटाघाटी चालू आहेत, अजून काही ठरलेलं नाही, सगळ्यांचा होकार लागतो, असं बरंच बोललो. बहिणीच्या सासूबाई लसूण सोलत ऐकत होत्या.

"म्हंजी एकानं न्हाई म्हटलं तरी मोडतं?" बहिणीनं विचारलं.

"मोडतं."

"मग मी न्हाई म्हनते."

दाजी हसले. "त्यो जगाचा कायदा हाय. हितं न्हाई चालायचा."

दुपारपर्यंत तिचा नकार टिकला. पण जेवताना दाजी तिच्याशी बोलेनात, धाकटा दीर ताट घेऊन ओट्यावर जाऊन बसला, सासूबाई घासाघासाला सुस्कारे टाकत राहिल्या. दाजींनी मला गोठ्यामागं नेलं. "पाव्हनं, तुमी बोला. तुमचं ऐकती." मोठ्या वाटाघाटींतही नकार देणाऱ्या देशाला असंच एकटं पाडतात, हे मी वाचलेलं होतं. त्यावर परीक्षेत प्रश्न येत नाही, म्हणून शिकवत नाही.

चहाच्या वेळी सासूबाईंनी तोड काढली. "चार काढा, दोन ठिवा. तिचं बी राहिलं, त्याचं बी."

बहिणीनं माझ्याकडं बघितलं.

"करार असेच होतात," मी म्हणालो. "प्रत्येकानं थोडं थोडं सोडायचं."

"बरं," ती म्हणाली.

चार गायी टेम्पोत चढल्या तेव्हा मी तिथंच उभा होतो. आता काहीतरी वाटेल म्हणून थांबून राहिलो. काही वाटलं नाही. टेम्पो वळायच्या आत बहिणीनं शेण भरायला घेतलं होतं.

तिची वस्ती डांबरी रस्त्यापासून बरीच आत. सहा गायींच्या दुधासाठी डेअरीची गाडी आत वळायची. दोघींच्या दुधासाठी वळेना. एकमत करताना हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. दाजी तर पहाटेच कामावर जायचे. काही दिवस बहिणीनं दोन्ही वेळेला किटली घेऊन रस्ता गाठला. मग गुडघे दुखायला लागले, आणि त्या दोघीही विकाव्या लागल्या. हे तिनं मला फोनवर सांगितलं, यात्रेला कधी येणार हे विचारता विचारता.

परवा पेपरात वाचलं, या खेपेच्या वाटाघाटीही काही न ठरता संपल्या. मी तिला फोन लावला.

"दुधाचं काही ठरलं नाही. पावडर येत नाही सध्या."

"बरं झालं की," ती म्हणाली. "रस्त्याकडच्या वस्तीवाल्यांना सांगते. त्यांच्या गायी हायेत अजून."

मग तिनं विचारलं, वहिनीनं आज भाजी कशाची केली. मला माहीत नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेलो, कढईवरचं झाकण उचलून बघितलं आणि परत येऊन सांगितलं, "वांग्याची."